गाळाच्या पोटातलं पाणी

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, अगदी वरचे साहेबसुद्धा. खोल समुद्राच्या तळाचा गाळ दाबायचा, त्याच्या कणांमध्ये अडकलेलं पाणी काढायचं आणि त्यात अमिनो आम्लं किती ते मोजायचं, यातच तिची उमेदीची वर्षं गेली. ही आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्या भरपूर सापडल्या, तर एवढ्या खोल काळोखातही काहीतरी जिवंत आहे म्हणायचं. आजवर सापडल्या त्या नावापुरत्या. हा गाळ शेवटचा. यातही काही निघालं नाही तर काम बंद आणि ताई घरी. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. चहा टाकायचा तोही एक कप.

त्या सकाळी मशीनच्या आलेखावर उंचच उंच टोक उठलं. सेरीन नावाचं आम्ल, जोडीला ग्लायसीन.

"ताई, लॉटरी!" मशीनवाला ओरडला. "खाली अख्खं गाव वसलंय!"

"मग घरपट्टी वसूल करायला तुलाच पाठवते," ती म्हणाली आणि मोकळेपणी हसली.

पण जेवताना तिला एक गोष्ट खटकली. वरच्या थरात काही नाही, खालच्या थरात काही नाही, मग मधल्या थराच्या एकाच कुपीत एवढं आलं कुठून? डबा तसाच ठेवून ती उठली. शुद्ध पाण्याच्या कुपीत तिने उघडं बोट बुडवलं आणि ती कुपी मशीनला लावली. टोकं तशीच्या तशी उठली. माणसाच्या घामात हीच आम्लं असतात.

"जहाजावर ही कुपी कोणी भरली?"

मशीनवाल्याचा चेहरा पडला. "मीच. थंडीनं बोटं बधिर झाली होती, झाकण बसेना. जरासाच हातमोजा काढला, ताई." मग हळूच म्हणाला, "कोणाला कळणार आहे? तुमचं काम तर चालू राहील."

इतकी वर्षं ताई तळाला हाका मारत होती, आणि ओ दिली ती शेजारच्या टेबलाने.

"त्याच थराची राखीव कुपी लाव. हातमोजे घालून."

रेघ जवळजवळ सपाट निघाली.

"साहेबांकडे मीही येतो," तो म्हणाला.

"नको. कुपीला हात लागला एवढंच सांगेन. कोणाचा, ते नाही सांगणार. तुझी नोकरी कशाला घालवायची?"

आणि ती एकटीच जिना चढू लागली.