धुळीच्या गोळ्याला भोक

माझ्यासोबत काम करणाऱ्या ॲनेलॉटने माझ्या टेबलावर कॉफी आदळली. "फोल्कर्ट, तुझा गोळा अजून बंदच? हट्टाला पेटलायस नुसता!"

गोळा म्हणजे एका कोवळ्या ताऱ्याभोवतीचं धुळीचं आवरण. आतला तारा दिसत नाही. त्याच्यामुळे धूळ तापते आणि ती ऊब अवरक्त दुर्बिणीला कळते. तेवढ्यावरून आत काय चाललंय ते संगणकावर जुळवायचं, हे माझं काम. लांब लहरींत माझं गणित चोख बसे. आखूड लहरींत मात्र प्रत्यक्षातला प्रकाश कितीतरी जास्त. मी धूळ कमी-जास्त केली, कण बारीक-मोठे केले, पण गोळा फोडला नाही. आत कोणीतरी आहे आणि ते कोणाला दिसत नाही, हे मला आवडायचं.

"जन्मणारा तारा झोत सोडतो रे. भोक पडणारच," ती म्हणाली. "उद्या निकाल पाठवायचाय. तू पाडतोस की मी पाडू?"

"पाड, बाई."

तिने भोक पाडलं, आमच्या बाजूला जरा कलतं केलं. आतला प्रकाश बाहेर आला आणि गणिताची रेषा निरीक्षणांच्या ठिपक्यांवर जाऊन बसली. ती टाळ्या पिटत गेली. मी मात्र त्या भोकाकडे बघत राहिलो.

ग्रोनिंगन शहरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कोणी पडदे ओढत नाही. दिवे लावून जेवणारे, भांडणारे सगळे रस्त्यावरून दिसतात, आणि जाणारा न पाहिल्यासारखं करतो. माझी बायको टिनेका वारल्यापासून माझे पडदे बंद. माझं दुःख कोणाला दिसायला नको, एवढंच.

त्या संध्याकाळी वाटाण्याचं सूप वाडग्यात ओतलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पडदा सरकवला.

काचेला लागून टिनेकाच्या जिरेनियमच्या कुंड्या. मी त्या साफ विसरलो होतो. नुसत्या वाळक्या काटक्या उरल्या होत्या. पडद्याआडून मला दिसल्या नाहीत. रस्त्यावरून रोज दिसत होत्या.

समोरच्या हिस्केबाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या. थबकल्या. मी खिडकी उघडली.

"आत काय चाललंय ते तुम्हाला कळत होतं?" मी विचारलं.

"आख्ख्या गल्लीला कळत होतं," त्या म्हणाल्या. "पण तुझा पडदा बंद. मग बेल कशी वाजवायची रे?"

त्या गेल्यावर वाडगा घेऊन खिडकीपाशी बसलो. रडू आलं, तरी पडदा ओढला नाही.