बारा बॉक्सांच्या भिंतीमागे

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? डोळ्यांवर, कानांवर, की दुकानदाराच्या शपथेवर? घाई नाही. बसा, चहा घ्या. कप तेवढा माझ्या डोक्यावर ठेवू नका, गोल डाग पुरेसे झालेत. मी बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. चार जाड तारांचा खर्जातला आवाज मोठा करून लोकांपर्यंत पोचवणं हा माझा धंदा.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्याचं मला कौतुक नाही. जन्म काय, सगळ्यांचाच कुठेतरी होतो. अक्कल आली ती सांगलीत, रसूलभाईंच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात. तिथे फळीवर बसून मी गिऱ्हाइकं पाहिली, म्हणून माझ्या बोलण्याला दुकानाचा वास येतो. रसूलभाई माणूस गोड. भाता फाटलेली पेटीसुद्धा "थोडी दमेकरी आहे, पण सूर खानदानी" म्हणून खपवायचे. मी त्यांना दोष देत नाही. दोष गिऱ्हाइकांचा.

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती वॅटचा?"

"तुम्हाला कितीचा पाहिजे?" रसूलभाई विचारत. समोरचा जो आकडा बोलेल, तेवढे वॅट त्या क्षणी डब्यात तयार!

एकदा हळदीचे एक मोठे व्यापारी मुलासाठी अ‍ॅम्प घ्यायला आले. हा माणूस मार्केट यार्डात हळकुंड मोडून, आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. आमच्या दुकानात येऊन त्यानं काय विचारावं? "ह्याला दिवे लागतात का?" निळे दिवे लागणारा डबा घेऊन गेले. दिवाळीपर्यंत त्याच्या स्पीकरचा कागद फाटला, दिवे मात्र लागत होते. दुसरे एक महाशय सगळी बटणं उजवीकडे टोकापर्यंत पिळायचे. म्हणायचे, "पैसे पूर्ण दिलेत, मग बटण अर्धं का फिरवू?" तिसऱ्यानं मला मोबाईल जोडला आणि वरातीतलं गाणं लावलं. बेसचा डबा आहे, मग बेस घुमायलाच पाहिजे, हे त्याचं शास्त्र. माझ्या छातीतला पंधरा इंची स्पीकर त्या दिवशी वाचला, तो केवळ वीज गेली म्हणून. माणसाच्या अकलेनं नव्हे.

मग शिवांजली आली. पाठीवर स्वतःची बेस गिटार. आल्या आल्या म्हणाली, "भाई, मी रस्त्याकडं तोंड करून बसते. तुम्ही एकेक अ‍ॅम्प लावा. नाव सांगायचं नाही, किंमत सांगायची नाही."

रसूलभाईंना लागलं. "बेटा, माझ्यावर भरोसा नाही?"

"तुमच्यावर आहे की. माझ्या डोळ्यांवर नाही."

तिनं सगळ्यांवर तोच एक संथ तुकडा वाजवला. खालची तार छेडून सूर मोकळा येतोय की नुसतं घुरघुरतंय, ते ऐकलं. मग मधल्या पट्टीचं बटण थोडं वर घेतलं. खालचं बटण सगळेच पिळतात, आवाजाला चेहरा देतं ते मधलं, हे ओळखणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "हाच." आणि वळून बघितलं. कोपऱ्याचं कातडं फाटलेलं, एक बटण गायब.

"अगं बाई, हा होय!" ती हसली. पण शब्द फिरवला नाही.

तिचे चुलते जयराजकाका यांचा ऑर्केस्ट्रा होता. सातारा-सांगलीकडच्या यात्रांत कार्यक्रम करायचे. यात्रा कमिटी सुपारी द्यायला, म्हणजे कार्यक्रम ठरवायला येते, तेव्हा गाणं ऐकते असं तुम्हाला वाटत असेल. कमिटी स्पीकरचे बॉक्स मोजते. "मागल्या साली आठ हुतं, औंदा धा तरी पायजेत." काकांनी मग सुताराकडून प्लायवूडची खोकी करून घेतली. काळा रंग, पुढे जाळी, जाळीवर चकचकीत बिल्ला. आत स्पीकर नाही, तार नाही, काही नाही. बारा बॉक्सांपैकी आठ असले. आत हवा, आणि एकात कीबोर्डवाल्या सिद्धूची चप्पल.

खोटं सांगता सांगता माणूस स्वतःच गिऱ्हाईक होतो. पुढे पुढे काका घरातसुद्धा "आपले बारा बॉक्स" म्हणायला लागले.

मेढ्याच्या यात्रेत मोकळ्या मैदानावर आमचा कार्यक्रम होता. दोन्ही बाजूंना उतरंडीसारखी खोकी चढली, आणि मला कुठं ठेवलं? त्या भिंतीच्या मागे, जनरेटरच्या बाजूला! साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून माझा आवाज पुढे न्यावा, तर तिथली शेवटची जागा निवेदकाच्या दुसऱ्या माईकला दिलेली. एका माईकनं त्याचं भागत नव्हतं.

"काका, ह्याला पुढं ठेवू द्या," शिवांजली म्हणाली. "मागनं आवाज अडतोय. खोकी नुसती थडथडतायत."

"तुजा डबा पुढं ठिवला तर लोक हसतील, बाळ. आणि बेस ऐकतंय कोण? लोकांना गाणारी दिसती, नाचणारी दिसती. आजच्याला कुणी बेसचं नाव काढलं तर तू ऱ्हा. न्हाई काढलं, तर उद्यापासनं कीबोर्डवर सिद्धूच्या डाव्या हातानं बेस भागवू."

"माजा डावा हात रिकामाच हाय," सिद्धू म्हणाला. त्याचा उजवा हातही फारसा कामात नसतो, पण ते असो.

शिवांजली माझ्याकडे वळली. तिनं माझी अर्थिंगची तार तपासली आणि गिटार गळ्यात घातली. कॉलेज सुटल्यापासून ह्या एका जागेसाठी ती घरच्यांशी भांडत आली होती. लग्नाचं बघू या म्हणणाऱ्या आईला "एक वर्ष थांब" सांगितलेलं. ते वर्ष आता ह्या कार्यक्रमावर येऊन टेकलं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. समोरच्या पहिल्या खुर्चीवर कमिटीचे प्रमुख, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार लालासाहेब. फेटा, काठी, मिशा. ऊन कलायला लागलं तसा डोंगरावरून वारा सुटला. सुपारी देताना कमिटी वारा मोजत नाही. वरचं खोकं डुललं, दुसरं डुललं, आणि चौथ्या गाण्यात उजवीकडची अख्खी उतरंड कोसळली.

बायका किंचाळल्या. वरचं खोकं थेट सुभेदारांच्या डोक्यावर! अस्सल बॉक्स असता तर मेढ्याची यात्रा तिथंच सुतकात गेली असती. सुभेदारांचा फेटा वाकडा झाला, बस्स. त्यांनी ते खोकं एका हातानं उचललं, पाटीसारखं डोक्यावर धरलं, हलवून बघितलं. आतून सिद्धूची चप्पल पडली.

"ह्याच्यात हाय काय रं?" सुभेदार गरजले. "कोंबड्या डालायच्या का ह्याच्यात?"

सगळं मैदान हसलं. गाणारी थांबली, ढोलकी थांबली, सिद्धूचे दोन्ही हात थांबले. थांबली नाही ती एकटी शिवांजली. भिंत पडली होती आणि मी आता लोकांच्या समोर होतो. ती तोच संथ तुकडा वाजवत राहिली, मी तो जसाच्या तसा पुढे दिला. हसणं विरलं. मग पाय हलायला लागले. ढोलकीवाल्यानं तिचा ठेका पकडला आणि गाणं पुन्हा उभं राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर सुभेदार काठी टेकत आले. मला एका हातानं उचलायला गेले, हललोही नाही. "ह्यो माल हाय," ते म्हणाले. मग शिवांजलीकडे वळले. "पोरी, तू वाजवतीस ते हितं लागतंय." आणि छातीवर हात ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, काका सुधारले असतील. वा! अहो, काकांनी त्या दिवसावरून एकच धडा घेतला: खोकी हलकी असतात म्हणून पडतात. आठवड्यात त्यांनी आठही खोक्यांत वाळूची पोती भरली. एवढ्या वजनानं टेम्पो वाकला, आणि सामान चढवताना काका म्हणाले, "तुज्या डब्याला जागा न्हाई, बाळ. सिद्धू हाय की."

"सुभेदारांनी बेसचं नाव काढलं होतं, काका."

"काढलं व्हय? मला न्हाई ऐकू आलं."

ती रिक्षानं मला घरी घेऊन आली. रिक्षात माझ्यावर हात ठेवून बसली होती, रडली नाही. आईनं दार उघडलं, मला बघितलं आणि बाजूला सरून वाट दिली. तेच जास्त लागलं.

पुढच्या यात्रेच्या आधी एक दिवस काका दारात उभे. आवाजाला सगळा गूळ लावलेला. "मेढ्याचा फोन आलावता, पुढल्या सालच्या सुपारीचा. सुभेदार म्हणत्यात, ती पोरगी असली तरच या. चल बाळ. तुज्या डब्याला जागा करतो."

शिवांजली माझी तार गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, आपले बॉक्स किती?"

"बारा."

"परत मोजा."

काकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "आगं, वाळू भरलीया आता त्यात..."

"वाळू वाजती का?"

काका पायातल्या चपलेकडं बघत म्हणाले, "चार."

"आणि हा?"

"...पाच."

"मग येते."

हल्ली मी टेम्पोत पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसून जातो. गायब बटणाच्या जागी घरच्या मिक्सरचं बटण बसलंय, अंगावर गोणपाटाचं कव्हर आहे. खोकी काकांच्या गोठ्यात पडलीत, वाळू घरबांधणीला गेली. म्हणजे ती तरी कामाला आली. सुभेदार यात्रेत अजून बॉक्स मोजतात, पण आता काठी मारून. बाकीच्या कमिट्या अजून नुसत्या डोळ्यांनीच मोजतात, त्यांना मी हात जोडतो. तेवढेही हात मला नाहीत.

तुम्ही मात्र माझं एक ऐका. कधी अ‍ॅम्प घ्यायला गेलात, माणूस निवडायला बसलात, किंवा आपल्या घरात काय आहे ते कुणाला सांगायची वेळ आली, तर हिशेब सरळ ठेवा. दिसलं म्हणून जमेला धरू नका. वाळू मालात मिळवू नका. चार असतील तर चारच लिहा.

आणि मी असलो, तर पाच.