रोहण्याची रेफरी

जिल्हा फुटबॉल चषकाच्या अंतिम सामन्यात नालवाडीचं नवप्रभात मंडळ समुद्रपूरच्या जयहिंद संघाकडून हरलं, त्याला आठवडा उलटून गेला होता. पण चंद्रभानच्या कृषी केंद्रासमोरच्या बाकावर तो सामना अजून संपलाच नव्हता. रोज संध्याकाळी पाच वाजले की तो पुन्हा सुरू व्हायचा.

प्रभाकरराव हे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी खताच्या जुन्या बिलाच्या मागे अकरा ठिपके काढले आणि त्यातला सगळ्यात वरचा पेनाने खोडला.

"एक गोल वर होतो आपण. सत्तराव्या मिनिटाले स्वप्निलले बाहेर काढलं. समोर कोनीच नाई म्हटल्यावर त्यांचे दोन्ही बॅक वर चढनारच ना? शेंबडं पोट्टं सांगन हे. आपल्या कोचले काऊन नाई समजलं?"

"समजलं नाई असं नाई," राकेश म्हणाला. तो शाळेची व्हॅन चालवायचा आणि उरलेल्या वेळात नवप्रभातच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवायचा. "काढाले लावलं त्याले. मी सांगून ठेवतो."

"कोनी लावलं?"

"थेच तर शोधून राह्यलो."

आत गल्ल्यावर बसलेली चंद्रभानची बायको सुलोचना हे आठ दिवस ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "कोच फुटला, लाइन्समन फुटला, रेफरी फुटली. मंग मैदानात खेळत कोन होतं?"

चंद्रभान नुसताच रस्त्याकडे पाहत होता. अकरा वर्षं तो स्वतः नवप्रभातच्या बचावफळीत स्टॉपर म्हणून खेळला होता. चषक कधी हाताला लागला नाही. आता त्याच्याच जागेवर त्याचा पुतण्या अंकुश खेळत होता. चंद्रभाननेच त्याला लहानपणापासून टॅकल शिकवला होता. आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला त्याच अंकुशच्या टॅकलवर रेफरीने पेनल्टी दिली होती. बरोबरी झाली, पोरं खचली, आणि शेवटच्या मिनिटाला दुसराही गोल बसला.

त्या टॅकलचा व्हिडिओ ग्रुपवर होता. बाकावरच्या प्रत्येकाने तो इतक्यांदा पाहिला होता की मोबाईल न काढताही त्यावर भांडता येत होतं. अंकुशचा उजवा पाय पुढे जातो, बॉलला लागतो, बॉल बाहेर जातो. मग जयहिंदचा स्ट्रायकर पडतो. स्वच्छ टॅकल. तरी शिट्टी वाजते.

"ऐका आता," राकेश आवाज खाली आणत म्हणाला. "जयहिंदच्या कोचची सासुरवाडी कोनती, मालूम हाय? रोहणा. अन् थ्या रेफरीबाईचं गाव कोनतं?"

प्रभाकररावांचं पेन थांबलं.

"रोहणा," राकेश म्हणाला.

चंद्रभानने पहिल्यांदाच मान वळवली. आठ दिवस छातीत काहीतरी अडकून बसलं होतं, त्याला आता एक नाव मिळालं होतं, गाव मिळालं होतं. दुखणं कमी झालं नाही, पण ते कुठे ठेवायचं ते कळलं.

"रविवारी जाऊ," तो म्हणाला.

रेफरीचं नाव आकांक्षा. चोवीस वर्षांची, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, जिल्ह्यात अंतिम सामन्याला शिट्टी मिळालेली पहिली मुलगी. तिचे वडील रूपराव रोहण्यात शेती करत. एवढी माहिती राकेशने जमवली होती. जायचं निमित्त चंद्रभानने शोधलं: तुरीचं नवं वाण कसं आलं ते पाहायला आलो. त्याचं दुकानच बियाण्याचं, कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. गावात शिरण्याआधी राकेशने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोबाईल शर्टाच्या खिशात उभा ठेवला.

"जास्त बोलजो नको," तो म्हणाला. "तिलेच बोलू देजो."

रूपरावांनी त्यांना ओसरीत बसवलं. पाणी दिलं, आतून चहा मागवला आणि तुरीवरच्या अळीबद्दल मनापासून बोलू लागले. चंद्रभान हूं हूं करत होता. भिंतीवर कोचबरोबरचा एखादा फोटो, जयहिंदचा एखादा करंडक, काही दिसतं का ते त्याची नजर शोधत होती. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि खुंटीला पिवळा टी-शर्ट वाळत होता.

चहा घेऊन आकांक्षाच आली. कप ठेवता ठेवता ती थांबली.

"तुमी नालवाडीचे ना? गोलच्या मागे उभे होते."

चंद्रभानने नजर भिंतीवरून काढली.

"शिट्टी वाजल्यावर तुमी ओरडलते, 'विकली गेली' म्हनून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पाह्यलं मी तेव्हा तुमच्याकडे."

रूपराव एकदा पाहुण्यांकडे, एकदा मुलीकडे पाहत राहिले. तुरीचं बोलणं तिथेच संपलं.

राकेश पुढे सरकला. "मंग आता आलोच हाओत तर सांगा ना. काऊन देली पेनल्टी?"

ती खांबाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "पेनल्टी चुकली माझी."

एवढ्या सरळ उत्तराची तयारी कोणी केली नव्हती.

"चाळीस वेळा पाह्यला मी थो व्हिडिओ. आधी बॉललेच पाय लागला. मले त्या वेळी वाटलं, का त्यानं शर्ट ओढला. स्ट्रायकरचा खांदा मागे गेलता, म्हनून शिट्टी मारली. पन व्हिडिओत तसं काई दिसत नाई. म्हनजे माझीच नजर चुकली. असोसिएशनले रिपोर्ट देला, त्यात हेच लिवलं मी. कोनी सांगतलं नवतं लिवाले."

"अन् जयहिंदच्या कोचले वळखता तुमी?" चंद्रभानने विचारलं.

"गावचे जावई हायेत. दिवाळीत दिसते कधीमधी. मी नमस्कार करते."

गावातून बाहेर पडल्यावर राकेशने गाडी बाजूला घेतली. रेकॉर्डिंग नीट आलं होतं. तो हसत होता.

"इतकं सहज कोन कबूल करते, भाऊ? काईतरी मोठं लपवाचं असन, तवाच मानूस लहान गोष्ट कबूल करते."

चंद्रभानलाही तेच वाटत होतं. किंवा वाटायला हवं होतं. आठ दिवस तो ज्या बाईवर चिडला होता ती ओसरीवरच्या त्या मुलीशी जुळत नव्हती. त्यामुळे तो त्या मुलीवरच आणखी चिडला.

राकेशने सुरुवातीचं आणि मधलं कापलं. 'पेनल्टी चुकली माझी' एवढंच राहिलं, आणि त्यापुढे कोच गावचा जावई असल्याचं वाक्य जोडलं. शर्ट ओढल्याचं, रिपोर्टचं काहीच ठेवलं नाही. त्याने ते चंद्रभानला ऐकवलं.

"टाकू?"

रिपोर्टचं गाळलं गेलं, हे चंद्रभानच्या लक्षात आलं होतं. "टाक," तो म्हणाला.

घरी पोहोचेपर्यंत ते नालवाडीच्या बाहेर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी समुद्रपूर, आर्वी, पुलगाव सगळीकडच्या ग्रुपवर फिरत होतं. तिसऱ्या दिवशी चौकशी होईपर्यंत आकांक्षाला सामने न देण्याचं असोसिएशनने ठरवलं. कोणीतरी रूपरावांचा नंबरही ग्रुपवर टाकला. लोक त्यांना फोन करून पोरीचा भाव विचारू लागले.

बाकावर त्या संध्याकाळी चिवडा आला. प्रभाकरराव मात्र म्हणाले, "रेकॉर्डिंग पुरं ऐकाले भेटन का, राकेश?" राकेश म्हणाला, कामाचं तेवढंच होतं. प्रभाकररावांनी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभान युरियाची पोती मोजायला आत गेला.

अंकुश चार दिवस सरावाला आला नव्हता. पोरगं निर्दोष ठरलं आणि तरी तोंड लपवून बसलंय, हे चंद्रभानला कळेना. सकाळी तो भावाच्या घरी गेला. अंकुश अंगणात बुटांचा चिखल काढत होता. चिखल केव्हाच निघाला होता. तो नुसताच ब्रश फिरवत होता.

"सरावाले काऊन नाई येऊन राह्यला? आता तर साऱ्याइले समजलं, तुही चूक नवती."

अंकुशने ब्रश खाली ठेवला.

"काका, मी ओढलता त्याचा शर्ट."

चंद्रभानला वाटलं, त्याने चुकीचं ऐकलं.

"तो माह्या पुढं निघून गेलता. पाय पोचत नवता. डाव्या हातानं ओढला, मंग पाय पोचला. व्हिडिओ काढनाऱ्याकडे पाठ होती माही, म्हनून दिसत नाई. तिले दिसलं. ती बरोबर होती तेथं."

"अन् इतके दिवस तू—"

"तुमी कोनी इचारलंच नाई मले," अंकुश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मॅच संपली अन् सारेजन मलेच सांगू लागले, तू काई केलं नाई, तू काई केलं नाई. तुमीबी. मले वाटलं, चार दिवसात इसरतीन लोक."

चंद्रभान पायरीवर बसला. पोराला एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं, पण हात उठेना. रोहण्याच्या ओसरीवर ती मुलगी स्वतःच्या नजरेला खोटं ठरवत उभी होती, आणि तिची नजर खोटी नव्हती. तिला विकली गेलेली ठरवायला तो पन्नास किलोमीटर गाडीवर गेला होता.

दुपारी तो राकेशकडे गेला. पूर्ण रेकॉर्डिंग दे, म्हणाला. का ते सांगितलं. राकेशने ऐकून घेतलं. मग त्याने चंद्रभानकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर चंद्रभानच्या चांगल्या ओळखीची होती. गेले पंधरा दिवस त्याने स्वतः तीच वापरली होती.

"कोन भेटलं तुले, भाऊ?"

"अंकुश भेटला. सांगतलं ना."

"अंकुश सांगते, अन् तू ऐकते. आज सांगते, पंधरा दिवसांनी." राकेश किंचित हसला. "समुद्रपूरच्या बाजूलेबी तुहं बियानं जाते ना? थ्या लोकायनं दुकान बंद कराची धमकी देली का?"

"राकेश, मी वळखीचा मानूस हाओ बे तुहा."

"म्हनून तर इचारून राह्यलो. रेकॉर्डिंग डिलीट केलं मी."

ते खरं होतं की नाही, हे चंद्रभानला कधीच कळलं नाही.

त्या दिवशी दुकानातच अंकुशने असोसिएशनला अर्ज लिहिला. कोणत्या मिनिटाला, कोणत्या हाताने, सगळं. खाली चंद्रभानने आपल्या अक्षरात जोडलं: रेकॉर्डिंग आम्ही तिला न सांगता केलं, आणि तिने रिपोर्टबद्दल व शर्टाबद्दल सांगितलेलं मुद्दाम कापलं. सही केली. सुलोचनाने अर्ज वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाली, "आता थ्या पोरीले फोन करा. कागदाची खबर तिच्या घरी केव्हा पोचन, काय सांगता?"

फोन रूपरावांनी उचलला. नालवाडी म्हटल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली. बऱ्याच वेळाने आकांक्षाचा आवाज आला.

"बोला. रेकॉर्ड करून राह्यले असन तर तसं सांगा आधीच."

"नाई," चंद्रभान म्हणाला. पण ते सिद्ध कसं करायचं, हे त्याला सुचलं नाही. त्याने माफी मागायला सुरुवात केली, ती मध्येच म्हणाली, "माह्या बाबाले काय काय म्हनले लोक, मालूम हाय तुमाले?" आणि तो थांबला. त्याने फोन अंकुशकडे दिला.

अंकुशने तीन वाक्यांत सांगितलं. तिकडून प्रश्न आला, तो चंद्रभानलाही ऐकू आला.

"कोनत्या हातानं?"

"डाव्या."

"खांद्यापाशी का कमरेपाशी?"

"खांद्यापाशी, ताई. बाहीच्या खाली."

मग ती म्हणाली, "हं." तो एवढासा आवाज होता, पण त्यानंतर तिचा श्वास सुटलेला फोनमधून कळला. "ठीक हाय. ठेवते."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही.

महिनाभराने असोसिएशनने तिला परत घेतलं. आधी दोन सामने लाइनवर, मग शिट्टी. नवप्रभातच्या समितीने अंकुशला उरलेल्या मोसमासाठी बाहेर बसवलं. शर्ट ओढला म्हणून नव्हे; मंडळाला न विचारता अर्ज दिला म्हणून. चंद्रभानला ग्रुपमधून काढून टाकलं. तो जयहिंदला कितीत विकला गेला यावर तिथे दोन दिवस चर्चा चालली, असं प्रभाकररावांनी येऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण सांगताना त्यांनीही एकदा विचारलंच:

"खरंच काई नाई ना, चंद्रभान?"

"खरंच नाई, मास्तर."

प्रभाकररावांनी मान हलवली. पटलं होतं की नाही ते चेहऱ्यावरून समजत नव्हतं. तेवढ्यात एक शेतकरी फवारणीचं औषध विचारत आला, आणि चंद्रभान उठून आत गेला. बाटली कागदात गुंडाळताना काचेतून बाहेर त्याची नजर गेली. प्रभाकरराव बाकावर एकटेच बसले होते आणि दुकानाकडेच पाहत होते.