रविवारचा डोस

माझी जीभ तिखट आहे. मस्कतच्या हमरिया भागातल्या ज्या मेडिकलमध्ये मी फार्मसिस्ट आहे, तिथलं कुठलंही गिऱ्हाईक हे सांगेल. पण त्या जूनमध्ये मी जरा जास्तच फणफणत होते, कारण माझी भीतीनं गाळण उडाली होती.

धनंजयच्या, माझ्या नवऱ्याच्या, पोटातली गाठ जुन्या औषधाला जुमानत नव्हती. नवं औषध मस्कतमध्ये मिळेना, म्हणून शेजारच्या गुरुदत्तभाऊंनी गुरुवारी मुंबईहून येताना बर्फाच्या डब्यातून आणलं. शुक्रवार-शनिवार इथली आठवड्याची सुट्टी, हॉस्पिटलची फार्मसी बंद. मग दोन दिवस ते अमेरातला, आमच्या घरच्याच फ्रीजमध्ये.

औषध साधं नव्हतं. शरीरात हळूहळू विरून जाणाऱ्या पॉलिमरच्या कणांत ते भरलेलं, आणि कण इतके बारीक की बाटलीत नुसतं दुधाळ पाणी दिसे. देवगडहून आलेल्या सासूबाईंना, रखमाबाईंना, मी दम भरला, "आई, हे गरम झालं की खलास! तुमच्या मुलाचा जीव आहे यात. गार राहिलं पाहिजे, कळलं?"

त्यांनी मान हलवली.

शनिवारी मी दुकानात असताना घरची लाईट गेली. संध्याकाळी येऊन आधी फ्रीज उघडला. बाटल्या जागेवर, गारेगार.

"किती वेळ गेली होती हो?"

"तासभर गो," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला वळल्या.

रविवारी आम्ही तिघं हॉस्पिटलात. धनंजयच्या हाताला सुई लावून झाली. साबेरा नावाच्या नर्सनं बाटली उजेडात धरली आणि थबकली.

"दीदी, ये नीचे कुछ जमा है. डॉक्टर को दिखा लूँ?"

तळाशी खरंच बारीक रवा बसल्यासारखं होतं. पण हा डोस गेला तर दुसरा यायला तीन आठवडे, आणि तेवढ्या दिवसांत गाठ काय करेल याचा विचारसुद्धा मला करवेना. मी बाटली हिसकावून घेतली, हलवली. पाणी पुन्हा दुधाळ झालं.

"देखो, मिल गया. मैं फार्मसिस्ट हूँ. लगाओ."

साबेरा घुटमळली, पण तिनं औषध सलाईनच्या पिशवीत भरलं आणि नळी जोडली. आता फक्त नळीवरचा चाप सोडायचा होता. तेवढ्यात सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट पकडलं. "नको गं बाई, नको!"

"आई, इथे तमाशा नको. गप्प बसा!" मी ओरडले.

आणि त्या गप्प बसल्या. हात सोडला, खुर्चीवर टेकल्या, पदर तोंडात कोंबला. साबेराचं बोट चापावर गेलं.

"थांबा," धनंजय म्हणाला. "आई, काय झालं? बोल."

त्या त्याच्याकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही. "लाईट गेली. गरम होईल म्हणून मी बाटल्या वर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या रे. लाईट आल्यावर काढायच्या विसरले. चार वाजता काढल्या तर पार दगड. मग ओट्यावर ठेवून वितळवल्या, परत खाली ठेवल्या."

हे कण गोठले की एकमेकांना चिकटतात. त्या गुठळ्या रक्तातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकू शकतात. गोठवायचं नाही, असं खोक्यावर ठळक लिहिलं होतं, इंग्रजीत. मी सासूबाईंना फक्त गरमीचं सांगितलं होतं. मला, फार्मसिस्टला, मस्कतच्या जूनमध्ये दुसरी भीती सुचलीच नाही!

साबेरानं नळी काढली, पिशवी उचलली आणि ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

"अहो, मग कालच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू ओरडशील म्हणून."

धनंजयनं डोळे मिटून घेतले. मला रडू कोसळलं. मी सासूबाईंचा हात धरायला हात पुढे केला, तर त्या दचकून मागे सरकल्या.