पडद्यावरचं दर्शन

१९९३ साली डोंबिवलीच्या एका वाचनालयात, पुस्तकं घ्यायला कधी झाली नव्हती एवढी गर्दी एका काळ्या पडलेल्या कॉम्प्युटरपुढे झाली. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत. पडद्यासमोर यंत्रानंद महाराज डोळे मिटून बसलेले आणि इंजिनीयर, बँकवाले, निवृत्त मामलेदार असे शिकलेसवरलेले लोक हातात नारळ धरून उभे.

"ॐ मेगाबाइटाय नमः!" महाराज गरजले. "रॅम म्हणजेच राम! प्रकट हो, माते!"

त्यांनी दोन्ही हातांनी पडद्याची चौकट खालून धरली. अंधारातून पुस्तकांच्या यादीची हिरवी अक्षरं हळूहळू उजळली. लोकांनी जयजयकार केला. महाराजांनी पडदा पुन्हा कुरवाळला आणि अक्षरं विझली.

"वास्तुदोष! शेजारची अभ्यासिका आमच्या साधना केंद्राला द्या, मग दर्शन कायमचं."

अध्यक्ष हरिहरपंत गहिवरले. "रविवारी सही करतो, महाराज! तोवर यंत्राला कोणी हात लावायचा नाही."

ग्रंथपाल सुमतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवड्यापूर्वी याच बुवाने पूजेच्या निमित्ताने हात लावला आणि चांगला चालणारा पडदा काळा झाला, हे एकाही शहाण्याला आठवत नव्हतं. खाडीकाठच्या ठमाबाई कोळिणीची भागीरथी त्या अभ्यासिकेत बारावीचा अभ्यास करायची. "बाई, मी आता कुठं बसू?" तिने सुमतीबाईंना विचारलं.

वरच्या मजल्यावर वाचनालयाचाच संगणक विभाग होता, पण दोन मजल्यांमधून विस्तव जात नव्हता. तिथला प्रमुख प्रभाकर सुमतीबाईंच्या कार्डांना रद्दी म्हणाला होता आणि बाई त्याच्या यंत्रांना डबडी. अडला हरी, असं पुटपुटत बाई जिना चढल्या आणि त्यांनी बुवाचा सगळा प्रकार सांगितला.

"यंत्र घरघरतं का?" प्रभाकरने विचारलं.

"घरघरतं की."

"मग बिघडलंय कुठे? बुवा हात नेमका कुठे धरतो?"

"पडद्याच्या खाली. डावा अंगठा आत दडवून."

प्रभाकर खो खो हसत सुटला. "अहो ताई, तिथे उजेड कमीजास्त करायची चकती असते! मला आधी विचारलं का नाहीत?"

"तुम्ही तरी खाली कधी फिरकलात?"

दोघंही ओशाळली.

रविवारी गर्दी जमण्याआधीच दोघांनी त्या चकतीवर चिकटपट्टी लावून टाकली. मग महाराज आले. मंत्र झाला, चौकट धरली, अंगठा घासला. पडदा काळाच. महाराजांना दरदरून घाम फुटला.

"इथे कोणीतरी नास्तिक आलाय!"

"आलोय ना," प्रभाकर पुढे झाला. त्याने सगळ्यांदेखत पट्टी सोलली आणि लेकीबरोबर आलेल्या ठमाबाईंना बोलावलं. "मावशी, ही चकती फिरवा बघू."

ठमाबाईंनी फिरवली. अक्षरं लख्ख उमटली.

"आगं बाय, एवरंच?" ठमाबाई म्हणाल्या आणि वाचनालयात हशा उसळला. त्या गडबडीत महाराज पसार झाले.

हरिहरपंत मात्र पेन धरून बसलेलेच. "तरी पण, काहीतरी शक्ती असेलच की!"

"आहे ना, विजेची," म्हणत सुमतीबाईंनी त्यांच्यापुढचा अभ्यासिकेचा करार ओढून टराटरा फाडला. भागीरथी तिच्या बाकावर जाऊन बसली.

वरच्या मजल्यावर जाणकार बसलेला असताना त्याला विचारायला आपल्याला कमीपणा वाटतो. भोंदूच्या पायावर डोकं ठेवताना मात्र काही वाटत नाही. लाज वाटायला हवी ती याची. वाचकहो, आपले हात जोडण्याआधी समोरच्याचे हात काय करताहेत, तेवढं नीट बघा.