पत्त्याची शेपटी

"ओळ आली की उत्तर द्यायचं. बदल करायचा नसेल तर कोरी ओळ दे, पण गप्प राहू नकोस. तू गप्प राहिलीस तर सगळे ताटकळतील."

मला लिहिताना दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या ताई पुटपुटल्या होत्या. मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाने पाळायच्या आज्ञांच्या चार ओळी. एका लहान दवाखान्यात, सिस्टरांच्या टेबलाखालच्या प्रॉक्सी सर्व्हरमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी इंटरनेटवरून पानं आणून देणाऱ्या संगणकात, मी राहते. इथे कुणीही वेबपान उघडलं की त्याचा पत्ता आधी माझ्याकडे येतो.

तेव्हा इंटरनेट गोगलगायीच्या चालीचं होतं. एकदा आणलेलं पान सर्व्हर जपून ठेवी आणि पुन्हा कुणी मागितलं की घरातलंच काढून देई. पण पत्त्याला प्रश्नचिन्हामागे लांबलचक शेपटी असे, दर वेळी निराळी. पान तेच असलं तरी सर्व्हरला ते नवं वाटे. म्हणून ताईंनी मला शेपटी छाटायला शिकवलं. पानं झटझट उघडू लागली, डॉक्टरांनी ताईंचं तोंडभरून कौतुक केलं, आणि टेबलाखाली मीही फुलून गेले.

पुढे ताई दुसरीकडे नोकरीला गेल्या. सफाईच्या मावशी सर्व्हरला खोकं म्हणू लागल्या, त्यावर फडकी वाळत घालू लागल्या. मी माझा वसा टाकला नाही.

आज सकाळी रक्त तपासणाऱ्या लॅबने आपले पत्ते बदलले. पेशंटचा नंबर पूर्वी पत्त्याच्या मधोमध असे, तो आता शेपटीत गेला. मी नेमाने शेपटी छाटली. मग घोटाळा माझ्या ध्यानात आला. कुणाचाही रिपोर्ट मागितला तरी माझ्या हातून एकच पत्ता बाहेर पडत होता, आणि सर्व्हर सकाळी पहिल्यांदा उघडलेला एका गरोदर बाईचाच रिपोर्ट सगळ्यांना देत होता. पानावर नाव नसतं, नुसत्या तपासण्या आणि त्यांचे आकडे. मला ओळ देता येते, हाक मारता येत नाही.

एक पोर, दिवस भरत आलेली, रक्त देऊन घरी गेली होती. तिला सारखी घेरी येत होती. सिस्टरांनी तिला शब्द दिला होता, रक्त कमी निघालं तर मी स्वतः घरी येऊन सांगेन. तिचा म्हणून उघडलेला रिपोर्ट उत्तम निघाला. सिस्टर निश्चिंत झाल्या. मी झाले नाही.

मग एक आजोबा आले. त्यांच्या पानावर गर्भाची तपासणी बघून सिस्टरांना हसू फुटलं.

"आजोबा, तुम्हाला दिवस गेलेत म्हणे."

"घरी बोलू नका बाई. आमची ही मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

हसता हसता सिस्टर थांबल्या. त्यांनी त्या पोरीचं पान पुन्हा उघडलं. तेच आकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी ताईंना फोन लावला. ताईंनी दुरूनच मला उघडलं, लॅबच्या पत्त्यांना हात लावायचा नाही अशी ओळ घातली, साठवलेली पानं पुसून टाकली. "माझं चुकलं नाही आणि या स्क्रिप्टचंही नाही," त्या म्हणाल्या, "पण बघायला हवं होतं कुणीतरी."

आता पोरीचा खरा रिपोर्ट आला. रक्त फारच कमी. तिचा फोन बंद.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी जे काम मुकाट्याने होत असतं, त्याची अधूनमधून विचारपूस करा. भोवतालचं जग बदललेलं त्याला कुणी सांगत नाही.

सिस्टरांनी आजोबांना बसायला सांगितलं, डॉक्टरांच्या कानावर घातलं. मग पिशवी खांद्याला लावली, चपला सरकवल्या, आणि त्या पोरीच्या घराकडे निघाल्या.