आडवं चाक

मी आडवं चाक बोलतोय. आडवं म्हणजे स्वभावाने नव्हे, बरं का. मला बसवलंच तसं. विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी केलेल्या एका रोबोच्या पोटाखाली चार चाकं सरळ होती आणि मधोमध, त्यांच्याशी काटकोनात, मी. ती चौघं पुढे-मागे जायची, मी डावी-उजवीकडे. आम्हा पाचही जणांच्या काठावर बारीक रोलर होते, त्यामुळे ज्याची पाळी नसेल तो नुसता घरंगळायचा. एकत्र राहूनही आमचा संबंध एवढाच.

ती चौघं दुकानातून आली, एका खोक्यातून, चकचकीत. मला मात्र एका मुलीने कानशीने घासून घासून घडवलं. एक बाजू जरा जास्तच घासली गेली, म्हणून फिरताना मी थोडा कुरकुरतो. तो आवाज आहे, तक्रार नव्हे.

ती मुलगी संघात उशिरा आली होती. तोवर सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या, विनोद ठरलेले, बसायच्या जागासुद्धा ठरलेल्या. ती खिडकीजवळच्या टेबलाशी एकटीच काम करायची. बाकीचे चहाला निघाले की "येतेस का गं?" असं विचारायचे, नाही असं नाही. पण विचारायचे ते दारात पोचल्यावर. ती "तुम्ही व्हा पुढे" म्हणायची आणि ते खरंच व्हायचे. मग ती माझ्याशी बोलायची. एरवी तिचा आवाज फारसा ऐकूच यायचा नाही.

स्पर्धेत फळीवर ओळीने खोकी लावायची होती. एक खोकं ठेवलं की रोबोने मागे यायचं, वळायचं, परत पुढे जायचं. त्यात निम्मा वेळ वाया. ती म्हणाली, "बाकावर आपण कुणाला सरका म्हटलं तर तो उठून, वळून, परत येऊन बसतो का? नुसता सरकतो. रोबोनेही सरकावं. त्यासाठी एक चाक आडवं लावू."

संघाचा म्होरक्या, त्याला सगळे कप्तान म्हणत, हसला. "सगळं जग सरळ चाकांवर चाललंय. तुझं आपलं काहीतरी आडवंच."

पहिल्या चाचणीत माझी शोभा झाली. मी जमिनीपासून केसभर वर राहिलो आणि हवेतच गरगर फिरलो. "पंखा छान बसवलायस," कुणीतरी म्हणालं. "उन्हाळ्यात कामी येईल." तिने मला खाली घेतलं, तर रोबो माझ्यावरच तोलला गेला आणि डुगडुगायला लागला. पुन्हा हसू. फरशी कुठे उंच, कुठे खोल, त्याला मी काय करणार?

कप्तान म्हणाला, "शनिवारच्या चाचणीत चाललं तर ठेवू. नाहीतर काढून टाकू."

"आणि मी काय करू मग?" तिने विचारलं.

"बघू. बॅनर-बिनर रंगवायला कुणीतरी लागेलच."

'बघू'चा अर्थ तिला कळला. मलाही कळला. मी निघालो असतो तर माझ्यासोबत तीही निघाली असती.

त्या दुपारी सगळे चहाला गेल्यावर तिने कार्यशाळेचं दार हळू मिटवणारी स्प्रिंग काढली. मला एका बिजागरीवर टांगलं आणि ती स्प्रिंग वरून अशी लावली, की फरशी वर असो वा खाली, मी तिला चिकटूनच राहीन. तेव्हापासून दार धाडकन आपटायला लागलं. कार्यशाळेचे सर वैतागले. "दाराची स्प्रिंग कुणी पळवली?"

"मी, सर. काम झालं की परत लावते."

शनिवारी रोबो फळीसमोर उभा राहिला आणि अलगद उजवीकडे सरकला. मग डावीकडे. पंखा म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. कप्तान म्हणाला, "दे इकडे," आणि तिच्या हातातला रिमोट घेतला. तो त्याने परत काही दिला नाही.

स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीपर्यंत पोचलो. समोरचा संघ हुशार निघाला. जो बाजूला सरकतो त्याला बाजूला ढकलताही येतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांचा रोबो आमच्या कुशीला येऊन धडकला. ती चौघं घरंगळायला लागली. त्यांना बोल नाही, त्यांची घडणच तशी. अडवायला मी एकटा. मोटर तापली, रोलरचं रबर सोलून निघालं, पण स्प्रिंगने मला जमीन सोडू दिली नाही. शेवटचं खोकं फळीवर बसलं आणि आम्ही जिंकलो.

कप्तानाने रोबो उलटा केला आणि माझ्या फाटक्या रबरावरून बोट फिरवलं. "ही स्प्रिंगची युक्ती सरांची ना?"

"नाही. माझी."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"रोज सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही चहाला जायचात."

तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. सगळे रोबोभोवती जमले, आणि फोटो कोण काढणार म्हणून मोबाइल तिच्या हातात आला. तिने काढला, चांगला दोनदा काढला. तो फोटो कार्यशाळेच्या भिंतीवर लागलाय म्हणे. त्यात ती नाही. मीही नाही, कारण मी पोटाखाली.

पुढे रोबो सुटा केला. चौघं नव्या रोबोत गेली. ती शिक्षण संपवून निघाली, तेव्हा मात्र आधी स्प्रिंग दाराला परत लावून गेली. दोनदा उघडून पाहिलं. दार आवाज न करता मिटलं. मला तिने फडक्याने पुसलं, बोटाने एकदा फिरवलं, माझी कुरकुर ऐकून हसली आणि मला खणात ठेवलं. म्हणाली, "येते हं."

माणसं जातानाही 'येते' म्हणतात, हे मला कुठे ठाऊक? मी ते खरं धरून बसलो.

जन्मभर मला आडवं म्हणाले, पण तेव्हा मी उभा होतो. खरा आडवा झालो तो या खणात. दार आपटायचं तेव्हा कुणी आलं की कळायचं. आता ते इतकं हळू लागतं, की कोण आलं, कोण गेलं, पत्ताच लागत नाही. कदाचित ती येऊनही गेली असेल.

तुम्ही कधी आलात तर एवढं करा. दार जरा आपटा.